ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग वाचवायची कशाला?

माहीमची_मनवा
मुलगी सहावीत आहे. विज्ञानाच्या तासाला शिकवलं की ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. आणि त्याच आठवड्यात शाळेत "वीज वाचवा" पोस्टर स्पर्धा. घरी आल्यावर सरळ विचारते, आई, नष्टच होत नाही तर वाचवायची कशाला? आणि आपण बिल नक्की कशाचं भरतो? प्रश्न मला इतका आवडला की काहीतरी सांगून वेळ मारून न्यावीशी वाटेना. नेटवर जे वाचलं ते एकतर बालवाडीचं नाहीतर एमएस्सीचं. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय. तिला समजेल असं सांगा, पण खरं सांगा.

अजून एक, पुढच्या महिन्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि विषय हाच आहे, ऊर्जेचं रूपांतर. अर्धा वर्ग पवनचक्की करणार आहे. वेगळं काही सुचलं तर प्लीज सांगा.

पार्लेकर
पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर मलाही हवंय, मी खुर्ची टाकून बसलोय.

अरुंधती_के
मनवा, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दरवर्षी हा प्रश्न वर्गात यावा अशी वाट बघत असते आणि फार क्वचित येतो, त्यामुळे लेकीला खरंच शाबासकी.

तिला सांग, पसाभर मीठ माहीमच्या समुद्रात टाकलं तर ते नष्ट झालं का? नाही. एक कणही कमी झाला नाही. पण संध्याकाळच्या भाजीत घालायला तेच मीठ परत काढून आण म्हटलं तर? ऊर्जेचं अगदी असंच होतं. वीज, उंचावर साठवलेलं पाणी, धावणारी गाडी, गॅस, यातली ऊर्जा एका जागी गोळा झालेली असते आणि तिच्याकडून काम करून घेता येतं. वापरली की शेवटी ती कोमट उष्णता होऊन हवेत, भिंतीत, पाण्यात पसरते. बेरीज केलीस तर तेवढीच भरते, पण तिच्याकडून काम करून घ्यायची सोय संपलेली असते. बिल आपण ऊर्जेचं भरतोच, पण खरं मोल त्या गोळा होऊन आलेल्या रूपाचं असतं.

आणि हे उलटं आपोआप कधीच होत नाही. पंखा फिरून खोलीची हवा किंचित गरम होते, पण खोलीची हवा गार होऊन पंखा आपोआप फिरायला लागलाय असं कुणी पाहिलेलं नाही. विजेची उष्णता शंभर टक्के करता येते, उष्णतेची वीज मात्र कधीच शंभर टक्के करता येत नाही. किती होऊ शकते याची हद्द कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्येच दाखवून दिली होती, तेव्हा तर "ऊर्जा नष्ट होत नाही" हा नियमसुद्धा मांडला गेला नव्हता.

भुकेला_मावळा
म्हणजे मी वडापाव खाऊन दिवसभर सोफ्यावर लोळलो तरी ऊर्जा वाया गेली नाही, खोली गरम केली. बायकोला आत्ताच सांगतो 😄

अरुंधती_के
@भुकेला_मावळा, खरंच केली. शांत बसलेलं माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. आता हिशोबच करू. एका वडापावच्या ३०० किलोकॅलरी धरा, म्हणजे साधारण साडेबारा लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वडापावमध्ये झाली साधारण एक तृतीयांश युनिट ऊर्जा. साठ किलोच्या माणसाला विसाव्या मजल्यापर्यंत, म्हणजे साठ मीटर उंच चढायला नुसतं वर जाण्यासाठी ३५ हजार ज्यूल लागतात. स्नायू खाल्लेल्यातल्या जेमतेम पाव भागाचंच काम करतात, बाकी घामाच्या रूपाने गरमी. म्हणून खरा खर्च दीड लाखाच्या आतबाहेर. एका वडापाववर विसावा मजला आठ-नऊ वेळा चढून होईल.

भुकेला_मावळा
आठ-नऊ वेळा?! आणि मी रोज दोन खातो. आमची बिल्डिंग चार मजल्यांची आहे हो.

सेक्रेटरी_ब_विंग
नमस्कार. विसावा मजला निघालाच आहे तर मी आमच्या सोसायटीचा अनुभव सांगतो, मुलुंडला आहोत, वीस मजले आहेत. दर वार्षिक सभेत पंपाच्या बिलावरून भांडणं होतात, पाणी वर चढवायला केवढी वीज जाते म्हणून. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हजार लिटर पाणी साठ मीटर वर न्यायला ५ लाख ८८ हजार ज्यूल. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज गरमीत घालवतात असं धरलं तरी एक तृतीयांश युनिट. हजार लिटरला!

आता गिझर. एका माणसाची १५ लिटरची बादली, पाणी फक्त २० अंशाने तापवायचं, लागते किती? साडेबारा लाख ज्यूल. तीच एक तृतीयांश युनिट. म्हणजे अख्खी टाकी भरायला जेवढी वीज तेवढी एका माणसाच्या एका आंघोळीला. सभेत हे वाचून दाखवलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना, मग एका काकांनी तिथल्या तिथे कॅलक्युलेटर काढून ताळा केला आणि त्या दिवशी पंपाचं भांडण मिटलं. सोलर वॉटर हीटरचा ठराव पुढच्या सभेत पास झाला.

पार्लेकर
म्हणजे वडापाव = एक बादली गरम पाणी = हजार लिटर विसाव्या मजल्यावर. हे पोस्टरवर लिहायला सांगा मुलीला, पहिला नंबर नक्की.

निमा
+१ पार्लेकर. मी सगळ्यांना मोबाईलचे चार्जर काढून ठेवायला ओरडत असते, त्याने कितीसा फरक पडतो मग?

टॉवरवासी
@निमा, ५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात, चार्जरमधली गळती धरून पंचवीस. एका युनिटमध्ये फोन चाळीस वेळा फुल होतो. दोन किलोवॅटचा गिझर दहा मिनिटं आधी बंद केला की जवळपास दोन आठवड्यांच्या फोनचा खर्च भरून निघाला. चार्जर काढाच, पण ओरडा गिझरवर.

पण सेक्रेटरीसाहेब, गिझरला एवढं बदनाम का करताय? त्यात वीज शंभर टक्के पाण्यातच जाते, काहीही वाया नाही. घरातलं सगळ्यात कार्यक्षम यंत्र आहे ते.

अरुंधती_के
@टॉवरवासी, घराच्या आत बघितलं तर बरोबर. पण ती वीज आली कुठून? कोळशाच्या केंद्रात आधी कोळसा जाळून उष्णता, तिची वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र. वाफ साधारण ५४० अंशाला आणि थंड बाजूला समुद्राचं पाणी धरलं तर कार्नोची हद्द ६२ टक्क्यांच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात ३५-४० टक्केच हाती लागतं. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जाते. ट्रॉम्बेचं केंद्र खाडीच्या काठावर उगाच नाही, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला लागणारं ढीगभर पाणी तिथे मिळतं. आता बघा, शंभर भाग उष्णतेतले साठ सोडून देऊन मिळवलेल्या चाळीस भाग विजेची आपण गिझरमध्ये परत उष्णताच करतो. पाणीच तापवायचं होतं तर गॅस तिथल्या तिथे जाळला तरी त्यातली बरीचशी उष्णता पाण्यात जाते.

विजेने काम करून घ्यावं, पंखा, पंप, लोकल, कॉम्प्युटर. नुसतं तापवायला ती वापरणं मला मनापासून खटकतं.

टॉवरवासी
पण गॅस गिझर बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो, तेही लिहा. आणि वीज सोलरची किंवा पाण्यावरची असेल तर तुमचा हिशोब बदलतो. सरसकट बोलू नये.

अरुंधती_के
दोन्ही मुद्दे मान्य. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर किंवा भरपूर खेळती हवा असेल तिथेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रेकवाला
उशिरा आलो. अख्खी नोकरी कारशेडमध्ये गेली, आता रिटायर. लोकलचं नाव निघालं म्हणून लिहितो, जरा मोठं होईल.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ते डीसी जवळपास नव्वद वर्षं चाललं. त्या जुन्या रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या अख्ख्या गाडीत, मोटरमनने नॉच टाकला, म्हणजे वेगाचा खटका पुढे सरकवला, की सुरुवातीला करंट आवरायला मोठे रेझिस्टन्स लागायचे, म्हणजे गाडी हलायच्या आधीच काही वीज जाळ करून टाकायची. मग गाडी पळाली, स्टेशन आलं, ब्रेक. ब्रेक ब्लॉक चाकावर घासून सगळी गती उष्णतेत जायची. ज्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना तो तापलेल्या लोखंडाचा वास आठवत असेल. शेडमध्ये रेक आली की ब्लॉकजवळ हात नेला तरी धग लागायची आणि खाली बोगीभर काळी भुकटी. झिजलेले ब्लॉक बदलणं हे आमचं रोजचंच काम.

हिशोब बघा किती व्हायचा. भरलेली बारा डब्यांची गाडी समजा ६०० टन धरली आणि वेग ताशी ७२ किलोमीटर. गतीतली ऊर्जा निघते १२ कोटी ज्यूल, म्हणजे ३३ युनिट. एका थांब्याला ३३ युनिट! चर्चगेट ते विरार स्लो गाडीचे थांबे मोजा, दिवसाच्या फेऱ्या मोजा. आणि ते सगळं ब्रेक ब्लॉकच्या वाटे हवेत.

आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, आहे आणि नवीन रेकमध्ये थ्री फेज मोटर आहेत. ब्रेक मारला की तीच मोटर जनित्र होते. चाकं मोटरला फिरवतात, तिची वीज छतावरच्या पँटोमधून वर ओएचईला, म्हणजे रुळांवरच्या तारेला, जाते आणि मागून येणारी, सुटणारी दुसरी गाडी ती ओढते. घेतलेल्या विजेतली साधारण तीस टक्के अशी परत येते. गाडी हळू होताना जो वर चढत-उतरत जाणारा सूर ऐकू येतो ना, त्या वेळेला तुमची गाडी वीज बनवत असते. अगदी थांबायच्या वेळेला मात्र हवेचे ब्रेकच लागतात, कमी वेगात मोटरकडून काही मिळत नाही.

डब्याखाली वाकून काम केलेल्या माणसाला विचारा रूपांतर काय असतं ते. ब्लॉक दुपटी-तिपटीने टिकायला लागले तेव्हा आम्हाला डोळ्यांनी दिसलं की ही गरमी आता कुठेतरी कामाला लागली आहे.

पार्लेकर
जबरी पोस्ट रेकवाले काका. कालपासून तो आवाज ऐकतोय आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतोय, बघा आता वीज बनतेय. अंधेरी येईपर्यंत त्याला पूर्ण समजावलं, आता तो पुढच्याला सांगेल.

एक शंका. त्या क्षणी जवळपास दुसरी गाडीच नसेल तर ती वीज कुठे जाते?

रेकवाला
चांगला प्रश्न. एसीमध्ये ती सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ग्रिडकडे जाऊ शकते. डीसीमध्ये ही अडचण होती, सबस्टेशनला रेक्टिफायर असतात, त्यातून वीज एकाच दिशेने जाते. जवळ कुणी घेणारं नसेल तर परत ब्रेक ब्लॉक आहेतच.

निमा
आणि आतल्या माणसांचं काय? अरुंधतीताईंनी लिहिलं माणशी शंभर वॅट. सकाळच्या विरार फास्टमध्ये चार हजार माणसं असतील तर ती चार लाख वॅट झाली. म्हणून आपण भाजून निघतो!

एसी_मेस्त्री
@निमा, आणि एसी लोकलच्या युनिटला ती सगळी गरमी बाहेर फेकावी लागते. डिसेंबर २०१७ पासून चालू आहेत त्या गाड्या. मी एसी-फ्रिज रिपेअरिंग करतो, वीसेक वर्षं या धंद्यात आहे, म्हणून इथे दोन गोष्टी सांगायच्याच आहेत.

पहिली, एसी थंडी बनवत नाही. आतली गरमी उचलून बाहेर टाकतो, बस. दीड टनाचा एसी तासाला पाच युनिटांहून जास्त गरमी खोलीतून उचलतो आणि त्यासाठी वीज खातो साधारण दीड युनिट. कस्टमर विचारतात, दीड युनिटमध्ये पाच युनिटांचं काम कसं, मग तर ऊर्जा तयार झाली की! तसं नाही, ती पाच युनिटं आधीच खोलीत होती, आपण फक्त हलवली. आउटडोअरमधून बाहेर पडतात ती साडेसहा, पाच उचललेली आणि दीड मोटरने खाल्लेली. बेरीज बरोबर.

दुसरी, म्हणूनच आउटडोअर कुठे बसवता ते बघा. टॉवरमध्ये शोसाठी लूव्हर्स, म्हणजे आडव्या पट्ट्यांची जाळी, लावून चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये आउटडोअर ठेवतात, एकावर एक दहा-बारा. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. बाहेरची हवा जेवढी गरम तेवढी कॉम्प्रेसरला जास्त मेहनत. कॉइल साफ आहे, गॅस बरोबर आहे, तरी कस्टमर ओरडतो बिल वाढलं. मी लूव्हर्सच्या तीन पट्ट्या काढायला सांगतो, फरक लगेच कळतो. आणि २४ वर ठेवा. २०२० पासून नवीन एसी चालू करताना २४ वरच येतो तो यासाठीच. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं सरकारी ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

अजून, फ्रिजचा दरवाजा उघडा ठेवून खोली गार होत नाही, गरमच होते. दर उन्हाळ्यात एकजण तरी विचारतो.

टॉवरवासी
एसी_मेस्त्री, लूव्हर्सचं सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडे हाच प्रॉब्लेम आहे आणि दोन वर्षं कंपनी-कंपनी खेळतोय.

गिरणगावकर
लोकलच्याही आधी जायला हवं. आमचे आजोबा साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, लोअर परळला. ते सांगायचे ते त्यांच्याही वडिलांच्या वेळचं. गिरणीत आधी वाफेचं इंजिन असायचं, कोळशावर. एकच मोठं चाक, त्याच्यावरून दोर नाहीतर पट्टे, मग प्रत्येक मजल्यावर छताला लांबच लांब दांडा फिरत असायचा आणि त्या दांड्यावरून एकेका साच्याला पट्टा. कोळसा ते वाफ ते चाक ते दांडा ते पट्टा ते साचा, दर टप्प्याला थोडं थोडं गळत जायचं, घर्षणात, आवाजात, गरमीत. चिमण्यांचा धूर अख्ख्या गिरणगावावर. पहिली कापडगिरणी १८५४ ला ताडदेवला उभी राहायला सुरुवात झाली तेव्हापासून साठ वर्षं हाच कारभार.

मग १९१५ ला खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला धरणं, तिथून पाणी पाइपातून घाटाखाली साधारण ५०० मीटर, खाली टर्बाइन, आणि वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना. पुढे १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. कोळसा नाही, धूर नाही. मी खोपोलीचे ते पाइप लहानपणी पुण्याला जाताना बघायचो, डोंगरावरून सरळ उतरलेले. त्यातलं पाणी आपल्या चाळीत दिवा लावतं असं बाबा म्हणायचे आणि ते अक्षरशः खरं होतं.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिऱ्याचं पाणी मुळशीचं. धरणासाठी मावळातली गावं आणि भातशेती पाण्याखाली जाणार होती म्हणून १९२१ ला मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट पुढे होते, सेनापती ही ओळख त्यांना तिथूनच मिळाली. धरण झालंच. आणि आज ज्या रस्त्याला आपण तुळशी पाइप रोड म्हणतो, गिरण्यांच्या भिंतींना लागून जाणारा, त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. त्या पाण्याची वीज याच भागातल्या गिरण्यांत आली. दादरला फूलबाजारात उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? ऊर्जेचं रूप बदलतं म्हणतो तेव्हा कुणाच्या तरी शेतावरचं पाणी कुणाच्या तरी कारखान्यातली गती झालेलं असतं, आणि मधे ज्यांची घरं गेली त्यांचा हिशोब ज्यूलमध्ये येत नाही. मुलांना हे पण सांगा.

कोकणातला_बंड्या
गिरणगावकर, अंगावर काटा आला. रोज त्या रस्त्याने जातो.

अरुंधती_के
गिरणगावकर, फार चांगलं लिहिलंत. मी या वर्षी वर्गात सांगणार आहे.

तुमच्या ५०० मीटरवर एक गंमत आहे. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं तर त्यातून जास्तीत जास्त १.३६ युनिट निघतात. समजा टर्बाइन नसता आणि तेच पाणी धबधबा होऊन नुसतं खाली आदळलं असतं तर? ती सगळी ऊर्जा उष्णता झाली असती आणि पाणी तापलं असतं फक्त १.२ अंश. हात घातला तरी कळलं नसतं. जी ऊर्जा टर्बाइनमधून गेली तर घराघरात दिवे लागतात, तीच पाण्यात पसरली की थर्मामीटर जेमतेम हलतो. मनवा, तुझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला या एका आकड्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

निमा
ओह. आता कळलं. खरंच आत्ता कळलं.

कोकणातला_बंड्या
पण ते पाणी वर नेलं कुणी? सूर्याने. अरबी समुद्राची वाफ, मोसमी वारे, सह्याद्रीला अडून लोणावळ्याला पाऊस. म्हणजे पाण्याची वीज पण सोलरच. कोळसा म्हणजे जुनी झाडं, तो पण सूर्य. वडापावातला बटाटा पण सूर्य. सगळं सोलर आहे.

पार्लेकर
तारापूर नाही.

कोकणातला_बंड्या
बरं तारापूर सोडून. १९६९ पासून युरेनियमवर चालतंय ते.

अरुंधती_के
युरेनियमसुद्धा ताऱ्यांच्याच उलथापालथीत बनलेलं आहे, फक्त आपल्या सूर्याच्या जन्माआधीच्या. आणि भरती-ओहोटीची ऊर्जा पण सूर्याच्या उन्हाची नाही, ती पृथ्वीच्या फिरण्यातून येते, चंद्राच्या ओढीमुळे. हाजीअलीच्या रस्त्यावर रोज बघता की.

टॉवरवासी
सोलरवाल्यांना माझा नेहमीचा प्रश्न. रात्री काय? आणि जुलैत काय? आमच्या गच्चीवर पॅनल आहेत, पावसाळ्यात आकडा बघवत नाही.

सेक्रेटरी_ब_विंग
रात्रीचं उत्तर पुन्हा पाणीच. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात दुसरं. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच सोडायचं. भिऱ्यालाही असं १५० मेगावॉटचं युनिट आहे. आमच्या गच्चीवरच्या टाकीचंच मोठं रूप. वर चढवायला लागते त्याच्या पाऊणपट वीज परत मिळते, बाकी पंपात आणि पाइपात गरमी.

टॉवरवासी
पाव भाग तिथेही गेलाच.

सेक्रेटरी_ब_विंग
गेलाच. पण दुपारची वीज रात्री मिळते त्याची ती किंमत आहे, आणि पाणी मिनिटांत सुरू होतं, कोळशाच्या बॉयलरला तास-तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती, लोकल बंद, लिफ्टमध्ये माणसं, आठवतंय ना? अशा वेळी जलविद्युत केंद्रांना फार मोल येतं.

भुकेला_मावळा
मी गिरणीत पीठ दळायला गेलो होतो आत्ता. म्हणजे चक्कीवर, गिरणगावकरांच्या नाही. पीठ गरमागरम हातात आलं. ही पण तीच भानगड ना?

अरुंधती_के
अगदी तीच! मोटर ते दगड ते घर्षण ते गरम पीठ. रम्फर्डने १७९८ मध्ये तोफांना भोक पाडताना हीच उष्णता मोजून दाखवली होती. तोफ घासत राहिलं तर उष्णता येतच राहते, म्हणजे ती धातूत साठवलेला पदार्थ नाही. पुढे १८४०च्या दशकात ज्यूलने वजनं खाली सोडून त्यांनी पाण्यात वल्हं फिरवलं आणि पाणी किती तापतं ते अंशाच्या बारीक भागापर्यंत मोजलं. मनवा, प्रदर्शनाला हेच कर.

माहीमची_मनवा
सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस हे मोठ्याने वाचून दाखवतेय तिला. वडापाव-बादली-टाकीचं पोस्टर तयार आहे. रेकवाले काका, आता ती ट्रेनमध्ये दर स्टेशनला "आई वीज!" म्हणते.

अरुंधती, तुझं "पसरते" तिला पटलं, पण तिचा पुढचा प्रश्न: पसरलेली मोजता येते का? नाहीतर तुम्ही म्हणता म्हणून मानायचं का? म्हणून ज्यूलचा प्रयोग तिला करायचाच आहे. पण वल्हं, पुली, वजनं घरी कसं जमवायचं?

अरुंधती_के
वल्हं नको. एक मीटर पीव्हीसी पाइप घे, दोन्ही टोकांना घट्ट बुचं. आत सायकलच्या दुकानात मिळतात ते लोखंडी छर्रे, मोठी वाटीभर. पाइप उभा धरून झटकन उलटा करायचा, छर्रे वरून खाली पडतात. असं शंभर वेळा. दर वेळेला उंचीची ऊर्जा गतीत, गती आदळून उष्णतेत. आधी आणि नंतर छऱ्यांचं तापमान घ्यायचं. हिशोबाने ते साधारण दोन अंश वाढायला हवं. गंमत म्हणजे छर्रे कमी घेतले की जास्त, उत्तर तेच, कारण वजन दोन्ही बाजूंनी कापलं जातं. शिसं घेतलं तर तापमान तिपटीहून जास्त वाढतं, पण ते विषारी, मुलांच्या हातात अजिबात देऊ नकोस.

टॉवरवासी
दोन अंश मिळणार नाहीत. पाइप पण तापेल, बुचं तापतील, हवेत जाईल. एक मिळाला तरी खूप.

अरुंधती_के
बरोबर, आणि तेच तिला शोधायला सांग. कमी आलेला एक अंश कुठे गेला? पाइपला बाहेरून थर्माकोल नाहीतर वर्तमानपत्राच्या घड्या गुंडाळून परत कर, आकडा वर सरकतो का बघ. "नष्ट होत नाही" हे वाक्य तिने स्वतः पकडलं असं होईल.

रेकवाला
मनवाताई, छर्रे लागतील तेवढे माझ्याकडे आहेत, वापरून झाले की परत द्या. पाइप आणि बुचं हार्डवेअरमध्ये मिळतील, बुचं रबरी घ्या, एकाला मधोमध भोक पाडून किचनचा डिजिटल थर्मामीटर जाईल असं करा आणि उलटंपालटं करताना त्या भोकाला टेप लावा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. छर्रे पाइपात जेवढी जागा घेतात तेवढं पडण्याचं अंतर कमी होतं, म्हणून मीटरभर धरू नका, टेपने मोजून तेच हिशोबात घाला. आणि छर्रे पडतात त्या टोकांना हात लावायचा नाही, मधे फडकं गुंडाळून तिथेच धरायचं, नाहीतर तळहाताचीच गरमी मोजाल.